तात्यांनी हौद तापवला

शेजारच्या घरात तात्या राहायला आले तेव्हा टेम्पोतून तीनच गोष्टी आधी उतरल्या: अवजारांच्या दोन जड पेट्या, एक जुनं शिलाई मशीन आणि एक चाकांचा वॉकर. पेट्या तात्यांच्या. मशीन आणि वॉकर मावशींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. कपड्यांच्या पिशव्या मागाहून आल्या, त्याही लेकीने आठवण करून दिली म्हणून.

तात्यांनी चाळीस वर्षं ट्रकचे रेडिएटर दुरुस्त केले. हमरस्त्याला लागून त्यांचं छोटं दुकान होतं. ट्रक वाफा सोडत, फुसफुसत यायचे आणि दोन-तीन तासांत शहाण्यासारखे चालते व्हायचे. इंजिनातलं कढत पाणी बारीक नळ्यांमधून फिरवायचं, वाऱ्यावर निववायचं आणि पुन्हा आत सोडायचं, एवढंच रेडिएटरचं काम. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी कुंपणाच्या भिंतीवरून समजावून सांगितलं. मी ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तकं नंबरवार लावणाऱ्या बाईला रेडिएटरचं काय कौतुक असणार? पण तात्या सांगायला लागले की हातातलं काम राहून जायचं, असं त्यांचं बोलणं.

मावशींनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. त्यांच्या जुन्या घराच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. मग लेक म्हणाली, आता तुम्ही दोघांनी एकटं राहायचं नाही, आणि दोघांना आपल्या घरी घेऊन आली. हाड जुळलं, पण मावशींच्या मनातली भीती जाईना. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायच्या आणि खुर्चीत बसायच्या. तात्या मला हळूच म्हणाले, "ताई, ही बाई आधी तोंडाला कुलूप लावायची नाही. आता मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. मला घर खायला उठतं."

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाली बाई आठवड्यातून दोनदा यायची. तरुण, हसरी, पण शिस्तीची. तिसऱ्या खेपेला तिने मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव पाहिला आणि उडालीच.

"अहो, घरात पूल आहे आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? यांना पाण्यात चालवा. पाण्यात शरीराचं ओझं निम्म्याहून कमी होतं. पडायची भीती नाही, पाय आपोआप सुटतील."

हा तलाव म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला, सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, छातीएवढा खोल. तात्या त्याला हौदच म्हणायचे. लेक आणि जावई उन्हाळ्याचे दोन महिने त्यात डुंबायचे, एरवी त्यावर पाचोळा तरंगायचा.

"पण पाणी कोमट हवं," फिजिओवाली म्हणाली. "निदान अठ्ठावीस अंश. गार पाण्यात स्नायू आखडतील, भलतंच काहीतरी होऊन बसेल."

जावयाने दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला. सतरा अंश! मावशींना अंगणापर्यंत आणलं होतं. त्यांनी खुर्चीतून वाकून पाण्यात बोटं बुडवली, झटकन बाहेर काढली आणि तात्यांकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच पाण्यात बर्फ टाकला होता.

"मला मारायचा बेत आहे का तुमचा?" त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या, म्हणून तात्या त्या वाक्यावरही खूश झाले.

जावई विमा कंपनीत होता, प्रत्येक गोष्ट आधी वाचणारा. त्याने विजेच्या हीटरची माहितीपत्रकं आणली, रात्रीच्या जेवणानंतर ती टेबलावर पसरली आणि शेवटी स्वतःच मान हलवली. तेवढ्या मोठ्या हीटरचा भार घरच्या वायरिंगला सोसणार नव्हता. तात्या ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅरेजच्या सपाट छतावर चढले, अनवाणी. आणि उड्या मारत खाली आले.

"जावईबापू, छतावर पाय ठेववत नाही! बाहेर स्वेटर घालून हिंडतोय आपण आणि वरचं डांबर चटके देतंय. हे ऊन वाया का घालवायचं?"

अशी सुरुवात झाली. तात्यांनी शेतीच्या सामानाच्या दुकानातून काळ्या पाइपाची दहा वेटोळी आणली, अंगठ्याएवढ्या जाडीचा पाइप. प्रत्येक वेटोळं छतावर सपाट, चकलीसारखं पसरून तारेने बांधलं. हौदाचं पाणी गाळून काढणारा पंप आधीच होता. गाळणीतून बाहेर पडणारं पाणी छतावर न्यायचं, काळ्या पाइपातून फिरवायचं आणि परत हौदात सोडायचं, एवढी साधी युक्ती. एका वेटोळ्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडत जोडत त्यांनी दहाच्या दहा वेटोळ्यांचा एकच अखंड पाइप केला. एक किलोमीटर लांबीचा, असं ते छाती फुगवून सांगायचे.

पंप सुरू केला त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी अंगणात चादरी वाळत घालून नुकतीच आत आले होते. बाहेर फट्ट असा आवाज झाला आणि पाठोपाठ आरडाओरडा. जाऊन बघते तर छतावरचा एक जोड निसटलेला, पाण्याची धार थेट भिंतीवरून माझ्या अंगणात, आणि माझ्या धुतलेल्या चादरी दुसऱ्यांदा धुतल्या जात होत्या. तात्या धावत आले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी चादरीचं टोक हातात धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, हात लावून बघा! गरम आहे! चांगलं कढत आहे!"

मी हात लावला. खरंच होतं. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? चादरी पुन्हा पिळताना मीच हसत होते.

जोड क्लिपा लावून घट्ट केले. मग पाच दिवस पंप सकाळी दहापासून चारपर्यंत चालला. छतावरून परत येणारं पाणी हात भाजेल इतकं गरम होतं, पण धार करंगळीएवढी. तात्या त्या धारेकडे बापाच्या मायेने बघत बसायचे. गॅरेजच्या भिंतीवर रोज खडूने आकडा लिहायचे. पहिल्या दिवशी सतरा. पाचव्या दिवशी अठरा.

"बाबा, या वेगाने आईला पुढच्या वर्षी पाण्यात उतरवता येईल," लेक म्हणाली.

त्या रात्री तात्या नीट जेवले नाहीत, असं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा ते भिंतीजवळ उभे राहून स्वतःच्या कपाळावर हात मारत होते.

"ताई, मी किती मोठा गाढव आहे माहीत आहे का? चाळीस वर्षं मी रेडिएटर उघडले. एकाही रेडिएटरमध्ये एकच लांबलचक नळी पाहिली नाही. वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये शंभर नळ्या शेजारी शेजारी. पाणी सगळ्यांतून एकदम जातं. आणि मी इथे एकाच पाइपात सगळं पाणी कोंबतोय! ते बिचारं एक किलोमीटर सरपटत येतं. येईल कसं?"

त्याच दिवशी त्यांनी सगळे जोड कापले. छताच्या एका बाजूला एक जाड पाइप, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि दहाही वेटोळी या दोघांच्या मध्ये. प्रत्येक वेटोळ्याची वाट वेगळी. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात काळेकुट्ट झाले होते आणि ते शीळ वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला तर मनगटाएवढी जाड धार धो धो हौदात पडू लागली. लेकीने धारेखाली हात धरला आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, हे तर जेमतेम कोमट आहे. आधीचं किती गरम होतं!"

"बादली तापवायची नाहीये, बाळा. हौद तापवायचाय. जाताना जेवढं होतं त्यापेक्षा दोन अंश जास्त घेऊन येतंय ना? दिवसभर येऊ दे तसंच."

चार वाजता थर्मामीटर काढला. एका दिवसात दोन अंश चढले होते. जावयाने तीनदा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, आणि मग खडू हातात घेऊन आकडा त्यानेच लिहिला.

पण सकाळी पुन्हा पाहिलं तर दीड अंश उतरलेलं. पुढच्या दिवशी तेच. दिवसा चढायचं, रात्रीतून उतरायचं. तात्या हौदाभोवती फेऱ्या मारत होते, भिंतीला कुठे चीर आहे का ते बघत होते. पहाटे हौदावरून वाफेचा पातळ पडदा उठताना दिसायचा आणि तात्यांना तो छान वाटायचा. "बघा, वाफ येतेय, म्हणजे तापलंय," असं म्हणायचे.

मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अहो, वाफ येतेय म्हणजे जातेय! पातेल्यावर झाकण ठेवल्याशिवाय मी कधी पाणी तापवलेलं पाहिलंत का तुम्ही?"

तात्या जागच्या जागी थांबले. मग खिडकीपाशी आले. "एवढ्या मोठ्या पातेल्याला झाकण कुठून आणू?"

"आणा कापड. मी शिवते."

त्या घरात आल्यापासून मशीनवरचं आवरण कोणी काढलं नव्हतं. लेक त्या दिवशी घरी होती. ती मला सांगत होती की हे ऐकल्यावर बाबांनी चप्पलही नीट घातली नाही, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाजारात गेले.

फर्निचरच्या दुकानात सामान गुंडाळायला तो बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद असतो ना, तो त्यांनी भारा भरून आणला. दोन दिवसांत चिकटपट्ट्यांनी जोडून झाकण तयार केलं. फुगे पाण्याच्या बाजूला, म्हणजे आतली हवा दुलईचं काम करते. झाकण टाकल्यावर सकाळी जेमतेम अर्धा अंश उतरला. सगळे खूश. पण तो कागद उन्हात टिकणारा नव्हता. चार-पाच दिवसांतच तो पापडासारखा तडकला, चिकटपट्ट्या सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या आणि चढलेला आकडा पुन्हा खाली आला. जावई जाळी घेऊन तुकडे काढत बसला.

"मी म्हटलं होतं कापड आणा," मावशी म्हणाल्या. "चिकटवाचिकटवी म्हणजे काय काम आहे?"

मग तलावांसाठीच मिळतो तो जाड, निळा, फुग्यांचा कागद शोधून आणला. त्याच्या दोन पट्ट्या आल्या. मावशींनी मशीन व्हरांड्यात आणायला लावलं. सुई बदलली, जाड नायलॉनचा दोरा ओवला. एवढा अजस्र कागद सरकवायला एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये मावशी सेनापतीसारख्या. "ओढू नका, सोडा! सोडा म्हणते ना! बाई, पुस्तकं अशीच ओढता का तुम्ही?" मी निमूटपणे सोडला. कडेला त्यांनी मजबूत पट्टी लावली, दुहेरी शिवण घातली, चार कोपऱ्यांना धरायला कड्या दिल्या. तीन तास त्या मशीनवर होत्या. उठताना वॉकर पलीकडे राहिला होता आणि त्या टेबलाच्या कडेला धरून चार पावलं सहज चालून गेल्या. लेकीने माझा हात दाबला.

त्यानंतर आकडे भराभर चढायला लागले. बावीस, चोवीस, पंचवीस. फिजिओवाली येऊन भिंतीवरचे आकडे वाचायची आणि टाळी वाजवायची. सव्वीस झाले त्या संध्याकाळी तात्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणखी दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर बाहेर आला तो बावीसवर.

तात्यांनी हौदाभोवती फेरी मारली. झाकण जागेवर होतं. गळती नव्हती. मग त्यांना पंपाचा आवाज ऐकू आला. पंप चालूच होता. जावयाने पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून पंपाचा टायमर रात्रभरासाठी लावून ठेवला होता. आणि छताकडे जाणारा व्हॉल्व्ह, जो तात्या रोज चारला बंद करायचे म्हणजे पाणी छतावर न जाता थेट हौदात परतायचं, तो त्या दिवशी आनंदाच्या भरात उघडा राहिला होता. निरभ्र, गारठलेल्या आभाळाखाली हौदाचं पाणी रात्रभर छतावर फिरत होतं आणि निवून परत येत होतं.

जावई पार ओशाळला. "बाबा, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं."

तात्या थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"जावईबापू, तुमची कसली चूक! असा रेडिएटर मी जन्मात बनवला नव्हता. एका रात्रीत अख्खा हौद गार करून ठेवला!"

मावशीही आतून हसायला लागल्या, आणि ते हसणं भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलं. जावयाने मात्र त्याच दिवशी व्हॉल्व्हवर लाल रंगाची मोठी पाटी लावली: चार वाजता बंद. आणि आपल्या फोनवर चारचा गजरही लावला, तो विमा कंपनीत मीटिंगमध्ये वाजायचा.

तीन दिवस लख्ख ऊन पडलं. चौथ्या दिवशी दुपारी भिंतीवर अठ्ठावीस लिहिलं गेलं. आधीचा आकडा पुसून त्याच जागी, जरा मोठ्या अक्षरात.

फिजिओवाली पाण्यात उतरून तयार होती. लेकीने रजा घेतली होती. मीही माझी दुपारची पाळी बदलून घेतली होती, कारण एवढं झाल्यावर मी घरी कशी राहणार? पायऱ्यांजवळ नवा कठडा बसवला होता. मावशी लेकीच्या जुन्या सैल सलवार-कुडत्यात पहिल्या पायरीपाशी आल्या, पाण्यात अंगठा बुडवला आणि थांबल्या.

"हे आधी उतरू देत," त्या म्हणाल्या.

"मी?" तात्या दोन पावलं मागे सरले. "मी कशाला? मी वर व्हॉल्व्ह बघतो."

"व्हॉल्व्ह कुठे जात नाही. चाळीस वर्षं पाण्याचं काम केलं म्हणता ना?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की तात्या आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेच नव्हते. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची चांगलीच धडकी होती. लेक थक्क होऊन बघत राहिली. तिलाही ठाऊक नव्हतं. पण मावशींना ठाऊक होतं.

"तुम्ही घाबरत उतरा, मी घाबरत उतरते," त्या म्हणाल्या. "दोघं असलो की बरं."

मग जावयाची फुलाफुलांची अर्धी विजार घालून तात्या आले. कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून एकेक पायरी उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मग एक डोळा उघडला.

"अगं," ते म्हणाले, "छान आहे."

"मग काय, तुम्हीच तापवलंय."

मावशी उतरल्या. फिजिओवालीने एका बाजूने धरलं, दुसरा हात तात्यांच्या हातात. एक पाऊल. दुसरं. पाण्यातल्या पाण्यात त्यांचा पाय उचलला गेला, इतका हलका की त्या स्वतःच त्याकडे बघत राहिल्या. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा मीटर. परत सहा मीटर. चौथ्या फेरीला त्यांनी फिजिओवालीचा हात सोडला. तात्यांचा सोडला नाही, पण तो त्यांना आधार म्हणून होता की तात्यांना, हे आम्हाला काठावरून सांगता येत नव्हतं. मावशी बोलायला लागल्या होत्या. पाण्याबद्दल, टाइल्सच्या रंगाबद्दल, पाचव्या इयत्तेच्या गणवेशांच्या एका जुन्या ऑर्डरबद्दल जिच्यात सगळ्या बाह्या उलट्या लागल्या होत्या. वीस मिनिटं अखंड. तात्या मान डोलवत होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते, ते हौदाचं पाणी उडालं म्हणून असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

ती थंडी सरेपर्यंत मावशी रोज दुपारी पाण्यात चालल्या. ढगाळ दिवसांत आकडा खाली यायचा, तेव्हा तात्या आभाळाला चार शब्द सुनवायचे. अकराव्या आठवड्यात वॉकर माळ्यावर गेला. मग काठी आली आणि तीही हळूहळू दाराच्या कोपऱ्यात विसावली. कडक उन्हाळ्यात पाणी नको इतकं तापलं, तर तात्यांनी तोच व्हॉल्व्ह रात्री उघडून पंप चालू ठेवला आणि सकाळी सगळ्यांना गारेगार हौद दाखवला. जावयाच्या लाल पाटीच्या खाली त्यांनी लिहून टाकलं: उन्हाळ्यात उलट.

आता पुढची थंडी चालू आहे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंच्या गुडघ्यांसाठी, आणि मागच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याच्या आईसाठी मावशींनी हौद खुला केला आहे. अडचण एकच होती: या वयाच्या बायकांना दुकानातले पोहण्याचे कपडे घालायचे नव्हते. मावशींनी मशीन पुढे ओढलं. कोपरापर्यंत बाही, गुडघ्याखाली लांबी, पाण्यात फुगू नये म्हणून खालच्या कडेला बारीक वजनाची पट्टी. गडद निळा रंग, पांढरी किनार. थेट शाळेचा गणवेश. माझाही एक शिवला. मी नको नको म्हणत होते, त्यांनी माप घेऊन टाकलं. त्रेपन्नाव्या वर्षी मी पाठीवर तरंगायला शिकले.

तीन ते पाच ही वेळ आता बायकांची. चौघी जणी एका रांगेत, सारख्या कपड्यांत, हौदात फेऱ्या मारत असतो आणि रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या मावशी सूचना देत असतात: "गुडघा वर! बोलणं थांबवू नका, पाय थांबवू नका!" तात्यांना त्या वेळेत अंगणात यायची बंदी आहे. ते गॅरेजच्या छतावर आमच्याकडे पाठ करून बसतात, वेटोळ्यांवरची धूळ पुसत, आणि मधूनमधून ओरडून विचारतात, "पाणी कसं आहे?"

"उत्तम!" आम्ही चौघी एकदम ओरडतो.

"किती उत्तम?"

"येऊन बघा!" मावशी म्हणतात, आणि छतावरून तात्यांचं ते गडगडाटी हसू खाली येतं.